घरचं माणूस

सुताराच्या बायकोनं आकड्यानं भट्टीचं दार ओढलं, दोन फावडी कोळसा आत सारला आणि बॉयलरच्या काचनळीतल्या पाण्याकडे पाहिलं. पाणी खुणेवर होतं. पलीकडे नवरा वाफेवर चालणाऱ्या यंत्रावर खुर्चीचे पाय कातत होता. तो जेवायला उठला, गिऱ्हाइकाशी बोलत बसला, तरी बॉयलरला कोळसा लागायचाच. आणि बॉयलरपाशी ती लागायची. नदीपलीकडे तिच्या बहिणीची मुलगी आता चालायला लागली होती. मावशीनं तिला अजून पाहिलंही नव्हतं.

"ही माझी दुसरी सासू," ती शेजारणीला बॉयलर दाखवून म्हणायची. "नजरेआड होऊ देत नाही."

त्या दुपारी गॅस इंजिनाचा विक्रेता आला.

"काम थांबलं की खर्च थांबला, मालक. एवढ्याशा वाफेच्या इंजिनात बहुतेक कोळसा नुसता धुराड्यातून जातो."

"गॅस महाग पडतो," सुतार म्हणाला.

"कोळशाशी तुलना केली तर पडतो. पण भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा पगार धरा ना. किती देता?"

"पगार कसला? घरचंच माणूस आहे."

विक्रेत्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

"मग तुम्हाला वाफच स्वस्त."

तिनं भट्टीचं दार लावलं. जरा जोरातच.

पुढे एका सकाळी ती काचनळी फुटली आणि वाफेनं तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डॉक्टरांनी पट्टी बांधली. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं तिला भरवलं. त्याचे डोळे भरून आले होते, ते तिनं पाहिलं. पण यंत्राला वाफ हवीच होती. त्यानं फायरमन ठेवला.

फायरमन दर आठवड्याला पगार घ्यायचा आणि वर सुट्टीही मागायचा. कोळसा तर असा टाकायचा की जणू त्याच्या सासऱ्याची खाण होती. कोळसा वाचवायला धुराड्याची झडप कधी किती लोटायची, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती खिडकीत बसून सगळं पाहायची आणि गप्प राहायची.

"हात कसा आहे?" नवरा अधूनमधून विचारायचा.

"ठणकतोय अजून."

शेवटी एकदा जेवताना त्याचा घास हातातच राहिला.

"अगं, तो इंजिनवाला कुठं उतरला होता, आठवतं?"

"चौकातल्या लॉजवर," ती लगेच म्हणाली.

गॅस इंजिन आलं. फायरमन गेला, बॉयलर भंगारवाल्यानं नेला. नव्या इंजिनाचं चाक नवऱ्यानं जोर लावून फिरवलं आणि ते धडधडत चालू लागलं. ती मोरीपाशी जाऊन पट्टी सोडू लागली. आतली कातडी गुलाबी, कोरडी होती. खपली कुठंच नव्हती.

नवरा मागे येऊन उभा होता.

"हे कधी बरं झालं?"

तिनं मूठ मिटली, उघडली.

"झालं."

त्यानं त्या हाताकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या फडक्यानं विनाकारण स्वतःची बोटं पुसू लागला.

"बहिणीकडे जाऊन येते," ती म्हणाली.

"संध्याकाळी येशील ना?"

"बघते."

रस्त्यावर ती सवयीनं धावतपळत निघाली. कोपऱ्यावर आल्यावर थांबली. पदर नीट केला आणि रमतगमत चालू लागली.