मेलेली वायर

मयुरीनं शेवटच्या वायरीचं टोक मोटरच्या टर्मिनलला आवळलं, मेन स्विचकडे हात नेला आणि अर्ध्यावरच मागे घेतला. शेजारच्या टेबलावरची मोटर केव्हाच फिरायला लागली होती आणि तिथला मुलगा मोठ्या ऐटीत वेगाचे आकडे लिहून घेत होता. मयुरीनं मात्र नुकत्याच जोडलेल्या अकरा वायरी पुन्हा एकेक करून सोडवायला घेतल्या.

अमरावतीहून आलेले परीक्षक तिच्या टेबलापाशी थांबले.

"जोडणी झाली होती ना? मग सोडता कशाला?"

"एकदा तपासून घेते, सर."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ते पुढे गेले. त्या घड्याळ पाहण्याचीच तिला जास्त धास्ती वाटली. सकाळच्या तुकडीतल्या तिघांना त्यांनी मोटर सुरू होत नाही म्हणून अर्ध्यातून उठवलं होतं, ही बातमी कँटीनपर्यंत पोचली होती. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाचं हे शेवटचं प्रॅक्टिकल. पुण्याच्या कारखान्याचं नेमणुकीचं पत्र नाचणगावच्या घरात देवाच्या फोटोमागे ठेवलेलं होतं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की जूनपर्यंत सगळे विषय सुटलेले हवेत. हे प्रॅक्टिकल गेलं असतं तर पत्रही गेलं असतं.

तरी ती वायरी तपासत राहिली, कारण तिला हरिदासकाकांची खोड ठाऊक होती.

हरिदासकाका म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच प्रयोगाला मयुरीचा दिवा लागेना. तिनं आकृती तीनदा पाहिली, जोडणी तीनदा केली, आणि शेवटी रडकुंडीला येऊन हे कॉलेजच भंगार आहे असं पुटपुटली. मागे काका चहाची कपबशी घेऊन उभे होते.

"एक मेलेली वायर ठेवली मी त्यात," ते शांतपणे म्हणाले. "शोध."

मेलेली म्हणजे वरून धडधाकट, पण आतली तार तुटलेली. ती शोधायला तिला पाऊण तास लागला. त्यानंतर तीन वर्षं हाच खेळ. कधी या टेबलावर, कधी त्या टेबलावर काकांची मेलेली वायर निघायची. सापडली की ती त्यांच्या हातात द्यायची, ते मुंडी हलवून खिशात टाकायचे. मुलं त्यांच्या नावानं बोटं मोडायची. तिचा वर्गमित्र नीरज तर त्यांना तोंडावर वायरमारे म्हणायचा, आणि काका त्यावर हसायचे. हळूहळू मुलांच्या अंगवळणीच पडलं, आधी प्रत्येक वायर मीटरला लावून वाकवून पाहायची, मगच जोडायची. गेल्या दिवाळीत मळ्यातला पंप बंद पडला तेव्हा वडील मनोहरराव पुलगावहून मेकॅनिक आणायला निघाले होते. मयुरीनं केबल हातभर-हातभर वाकवत तपासली आणि मेकॅनिक यायच्या आत वांग्याच्या ओळींत पाणी सोडलं. मनोहरराव आठवडाभर बाजारात तेच सांगत फिरले.

आज मात्र गडबडीत तिनं आधी जोडून टाकलं होतं, म्हणून आता हा खटाटोप. सहा वायरी झाल्या, सात झाल्या. आठवी तिनं मीटरला लावली, काटा हलला. तिनं वायर मधोमध वाकवली आणि काटा धपकन खाली आला.

तिला रागानं कानशिलं तापल्यासारखी वाटली. परीक्षेतसुद्धा? एवढी तरी दयामाया असावी माणसाला. तिनं ती वायर बाजूला ठेवली, तिच्या जागची दुसरी आणि उरलेल्या तिन्ही तपासून घेतल्या, मग भराभरा जोडणी पुरी केली. मोटर सुरू झाली तेव्हा परीक्षक पुन्हा येऊन उभे होते.

"ही बाजूची वायर कुठे होती?"

"फील्डच्या वेटोळ्याला, सर. आतून तुटली आहे. सरळ धरली की चालते, हलली की सुटते."

"चालत्या मोटरची फील्ड सुटली असती तर?"

"मोटर थांबली नसती, सर. वेग वाढतच गेला असता. आवरली नसती."

परीक्षकांनी ती वायर हातात घेतली, वाकवून पाहिली आणि परत ठेवली. मग तिच्या जर्नलवर सही केली.

"आजवर इतक्या मुलांना विचारलं," ते म्हणाले, "पण वायर दाखवून उत्तर देणाऱ्या तुम्ही पहिल्याच. कुणी शिकवलं हे?"

मयुरी हसली. तिनं ती वायर उचलली आणि जर्नल काखेत मारलं.

प्रयोगशाळेमागच्या स्टोअरमध्ये काका स्टुलावर बसले होते. तिनं वायर त्यांच्यापुढे धरली.

"काका, आज तरी सोडायचं होतं. माहा जीव गेला असता अर्धा."

काकांनी वायर घेतली. त्यांचा चेहरा उतरला.

"कोणत्या जागी होती?"

"फील्डले."

"फील्डले," ते पुटपुटले. "पोरी, सकाळी सहाले येऊन साऱ्या वायरी तपासल्या मी. ही जिती होती. वाकवून पाह्यली होती."

"म्हंजे आज तुमी ठेवली नाई?"

त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत शंभरेक वायरींचे तुकडे होते, लाल, काळे, पिवळे. बाजूला डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणि कापलेली टोकं.

"कधीच नाई ठेवली," काका म्हणाले. "ह्या आपल्या आपणच मरतात. बारा वर्षांच्या झाल्या. नव्या दरसाल मांगतो, येत नाईत. जमन तितक्या सांधून ठेवतो."

"मंग आमाले काऊन सांगत होते, मी ठेवली म्हणून?"

"तू त्या दिवशी म्हटलं नाई का, हे कॉलेजच भंगार आहे म्हणून? तसं वाटलं की पोट्टे हात टेकून बसतात. मी ठेवली म्हटलं की माह्यावर चिडतात, पण शोधतात."

मयुरी खणाकडे पाहत राहिली. तीन वर्षांच्या शिव्या तिला आठवल्या, आणि त्यातल्या बऱ्याच तिच्याच होत्या. या माणसाचे उपकार कसे फेडायचे? ती पाया पडायला वाकली तर काकांनी तिचा खांदा धरून थांबवलं.

"पुण्याले पोचली की पत्र टाकजो. अन् हे बाहेर सांगू नको."

ती बाहेर आली. पुढच्या तुकडीची मुलं दाराशी जमली होती. नीरज तिला पाहताच पुढे झाला. हातातलं जर्नल घामानं ओलं झालं होतं.

"मयुरी, आजही ठेवली का त्या वायरमाऱ्यानं? खरं सांग."

मयुरीनं स्टोअरकडे एकदा पाहिलं. खण बंद होत असल्याचा आवाज आला.

"ठेवली," ती म्हणाली. "कोणत्या टेबलावर ते नाई सांगत. शोध."