सुभेदारांची बोटं

आष्ट्याच्या चर्चमध्ये सुभेदार गंगाधर साक्ष द्यायला उभे राहिले, की गिरणीवाल्या आकारामच्या पोटात कळ उठायची. काय ती साक्ष! लेहचा बर्फ, एकट्यानं केलेला पहारा, पायाची गळून पडलेली दोन बोटं, आणि प्रभूनं अलगद उचलून छावणीत आणून ठेवलेला जवान गंगाधर! बायका पदरानं डोळे पुसायच्या, पुरुष 'स्तुती असो' म्हणून छपराचे पत्रे हलवायचे. मग पाळकसाहेब म्हणायचे, "आता आकारामभाऊ?" आणि आकाराम उठून म्हणायचा, "गिरणी चालू हाय. देव चांगला हाय." की बसला खाली. सांगणार तरी काय बिचारा? त्याला देवानं कधी कुठून उचललंच नव्हतं. गिरणीचा पट्टासुद्धा कधी अंगावर तुटून पडला नाही मेला.

पण कान तिखट होते गड्याचे. एका वर्षी बोटं डाव्या पायाची गेली होती, पुढच्या वर्षी उजव्या. आणि सुभेदार भर मे महिन्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मोजे काढत नसत.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात नवे पाळक अनीश यांनी उपदेश ठोकला. "अजून किती वर्षं दूधच पिणार? जड अन्न खायला लागा. विश्वासात मोठे व्हा!" दुसऱ्याच दिवशी आकाराम तोंड पाडून त्यांच्या दारात हजर.

"पाळकसाहेब, प्रभूनं शिष्यांचं पाय धुतलं. येत्या पवित्र गुरुवारी आपुन बी एकमेकांचं धुऊया की. मी सुभेदारांचं धुतो."

पाळकांना गहिवरून आलं. "आकारामभाऊ, हीच ती वाढ!"

"तुमची किरपा," आकाराम म्हणाला आणि तडक बाजारात जाऊन नवी परात अन् मोठा थोरला टॉवेल घेऊन आला. बायको मंगलनं विचारलं, "आवं, घरात कवा कुणाचं पाय धुतलं न्हाई, आन् आज काय हे?" पण नम्र माणूस असल्या टोमण्यांना उत्तर देत नाही.

गुरुवारी चर्च गच्च भरलं. सुभेदार शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसले होते. नाव पुकारल्यावर हात जोडून म्हणाले, "नको, पाळकसाहेब. मी त्या लायकीचा न्हाई."

"प्रभू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रसुद्धा अगदी असंच नको म्हणाला होता!" पाळक आनंदानं ओरडले. आता पेत्राचाच दाखला आडवा आल्यावर माणूस पळणार कुठं? सुभेदार खुर्चीत येऊन बसले. आकारामनं गुडघे टेकले, कोमट पाण्याची परात सरकवली आणि स्वतःच्या हातानं मोजे ओढले.

दहा! दहाच्या दहा बोटं, ऊन न लागल्यानं पांढरीफटक पडलेली, पण सगळी जागच्या जागी. आकारामला वाटलं, आता नाचावं. फक्त बाजूला सरकायचं आणि म्हणायचं, 'बघा रं, देवानं बोटं परत दिली!' की सुभेदारांची साक्ष संपली. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात हातातला पाय थरथरला. पाणी तर कोमट होतं. आकारामनं वर पाहिलं. सुभेदारांची हनुवटी लटलटत होती, आणि डोळे मिटलेले. टाचेला मोठं कुरूप होतं, थेट आकारामच्या टाचेला होतं तसंच. आकारामला एकदम लाज वाटली, कानांपर्यंत. हा बर्फाची थाप मारतो, पण इथं गुडघे टेकून नम्र म्हणून बसलोय तो मी कोण? ही परात, हा टॉवेल, सगळा माझा बर्फच की!

"जरा दिसू द्या की बोटं," पुढच्या बाकावरून हरणाबाई मान लांब करून म्हणाल्या. मागं सगळे उठून उभे राहायला लागले.

आकारामनं टॉवेल फटकन पसरला आणि दोन्ही पाय झाकले. "पायच हायती. तुमाला न्हाईत व्हय? गप बसा खाली!"

टॉवेलखालीच त्यानं पाय पुसले, धडपडत मोजे चढवले. ओले राहिले थोडे. सुभेदार वाकून पुटपुटले, "आकाराम, गड्या..."

"ऱ्हाऊ द्या," आकाराम म्हणाला.

घरी मंगलनं खोदून खोदून विचारलं, पण त्यानं ब्र काढला नाही. फार जड गेलं. रविवारी पाळकांनी सुभेदारांकडं पाहिलं, तर ते म्हणाले, "आज घसा बसलाय." मग पाळक म्हणाले, "आकारामभाऊ, आज तरी काहीतरी सांगा!"

आकाराम उठला. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याच्याजवळ सांगण्याजोगी साक्ष होती, खरी, बिनबर्फाची. ती अगदी ओठांपर्यंत आली. शेवटच्या बाकावर सुभेदार मान खाली घालून आपल्या बुटांकडं बघत होते.

"गिरणी चालू हाय," आकाराम म्हणाला. "देव चांगला हाय."

आणि खाली बसला.