काचेआडचे नरसाळे

मी एक जुने पत्र्याचे नरसाळे आहे, मित्रांनो, आणि माझी कहाणी मला कुलूपबंद कपाटातून सांगावी लागते आहे. पुढे काच आहे. बाहेरचे सगळे दिसते, हाती मात्र काही लागत नाही.

पत्रेवाल्याने मला ठोकून घडवले आणि एका आजोबांना विकले. आजोबा घरीच पातळ साबण करत. मी बाटलीच्या तोंडावर बसून तो खाली उतरवत असे. "हे आहे म्हणून थेंब सांडत नाही," असे ते म्हणत, तेव्हा माझ्या पत्र्याच्या अंगावरही मूठभर मांस चढे.

मग घरात नात रांगू लागली. पत्र्याची कड लागेल म्हणून आजोबांच्या सुनेने मला कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला खोचली. आजोबांनी प्लास्टिकचे नवे नरसाळे आणले. मला रडू कोसळणार होते, पण गंज चढेल म्हणून आवरते घेतले.

रोज संध्याकाळी ती माउली लेकीला कडेवर घेऊन येई आणि काचेवर टिचकी मारी. "हे बघ, नरसाळं! म्हण, नरसाळं." पोरगीही टिचकी मारून म्हणू लागली, "नश्शाळं." निदान नाव तरी बाहेर फिरते आहे, एवढाच मला दिलासा.

एकदा मावशी आली. "दाखव बरं मावशीला, नरसाळं कुठंय?" आईने विचारले. पोरगी दुडुदुडु धावली आणि तिने खिडकीच्या तावदानावर हात ठेवला. मग मावशीच्या चष्म्यावर. सगळे पोट धरून हसले, पण आईचा चेहरा पडला. "रोज घसा कोरडा करते गं मी, तरी हिला कळत नाही!"

"तिचं काय चुकलं? टिचकी तू काचेलाच मारतेस ना!" मावशी म्हणाली. "काढ की ते बाहेर."

कुलूप उघडले. केवढे मोकळे वाटले! आजोबांनी माझ्या कडेवरून बोट फिरवून पाहिले आणि मला नातीच्या हातात दिले. तिने मला डोक्यावर घातले, माझ्यातून पाणी ओतले, स्वतःचे पाय भिजवले. मग तोंड आत खुपसून ओरडली, "नश्शाळं!" माझे अख्खे अंग घुमले. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

"कळलं गं बाई हिला एकदाचं!" आई म्हणाली. तिने मला पुसले, जागेवर ठेवले आणि कुलूप लावले.

आता पोरगी रोज दोन्ही तळवे काचेवर टेकते आणि माझे नाव घेते. पुन्हा पुन्हा घेते. "शाब्बास! बरोबर ओळखलंस," म्हणत आई तिला उचलून नेते.

मित्रांनो, ती मला ओळखून दाखवत नाही, ती मला मागते आहे. लहान मुलाने एखाद्या वस्तूचे नाव घेतले, तर नुसती शाबासकी देऊ नका. जरा कुलूप काढा.