ओकच्या दोन पिना

व्हर्ना जॉर्गेन्सन बेकरीतून क्रिंगल या गोड पेस्ट्रीचा खोका घेऊन परतली, तेव्हा गराजचं दार ती टाकून गेली होती तसंच सताड उघडं होतं. त्यात नवल काही नव्हतं. रसीन गावात गाडी उचलायचे जुने जॅक जमवणाऱ्यांचा क्लब होता आणि त्या जॅकवेड्यांची गराजं शनिवारी उघडीच असत. नवल होतं ते आत. तिचा हिरवा जॅक जिथे उभा होता, तिथे आता एक टवके उडालेला, तेलकट लाल जॅक बसला होता आणि त्याच्या बुडाखाली तेलाचं थारोळं वाढत होतं.

आधी तिला रागच आला. हा कुणाचा, ते विचारायची गरजच नव्हती. दांड्याला हॉकीच्या काठीची काळी चिकटपट्टी गुंडाळणारा आणि गळका सील तीन वर्षं तसाच वापरणारा गावात एकच प्राणी होता, तिचा धाकटा भाऊ ड्वेन. नेण्याबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. क्लबची ती जुनीच रीत. जॅक लागला आणि मालक घरी नसला तर खुशाल न्यावा, फक्त जागा रिकामी ठेवू नये, आपला ठेवून जावा. पण साठ जणांच्या क्लबात या गाढवाला न्यायला नेमका तोच मिळावा? अख्खा हिवाळा तिने त्या जॅकमध्ये घातला होता. कोंबड्यांच्या खुराड्यात पालथा सापडलेला, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला, दोन टनी. गंज खरवडून खरवडून तिच्या बोटांची सालं निघाली होती. आतलं चामडी वायसर तिने स्वतः कापून तेलात भिजवलं होतं. रंगाचे चार हात दिले होते. ज्या कारखान्यात असे जॅक बनत, तिथे व्हर्नाने तीस वर्षं जोडणी केली होती, त्यामुळे मूळ हिरवा कुठला आणि दुकानातला हिरवा कुठला हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"नेलास तर नेलास, निदान ओरखडा तरी पाडू नकोस," ती लाल जॅकलाच म्हणाली आणि हात पुसायला चिंधी हवी म्हणून तिने खिशात हात घातला.

चिंधी हाताला लागली. लाल.



ती चिंधी खिशात असायला नको होती. जॅकच्या दांड्यावर असायला हवी होती. क्लबातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, दांड्याला लाल चिंधी म्हणजे हात लावू नका, काम अपुरं आहे. आणि काम अपुरंच होतं. जॅकच्या टोकाला जी वाटी असते, जिच्यावर गाडीचं सगळं वजन टेकतं, ती वाटी धरणाऱ्या दोन पोलादी पिना मुलामा चढवायला मिलवॉकीला गेल्या होत्या. तोवर भोकात रंग जाऊ नये आणि जॅक इकडून तिकडे ढकलता यावा, म्हणून व्हर्नाने त्या जागी पडद्याच्या जुन्या दांडीचे दोन तुकडे ठोकले होते. ओकचं लाकूड. असं सगळेच करतात. पण सगळे ते तुकडे लाकडासारखेच ठेवतात. व्हर्नाने त्यांना चंदेरी रंग दिला होता.

का दिला? फोटोसाठी! क्लबच्या कॅलेंडरात जुलै महिन्याला हा जॅक लागणार होता आणि बाई हौसेने वेडी झाली होती. आज सकाळी उन्हात तिने फोटो काढले. दांड्यावरची चिंधी फोटोत दिसायला लागली, नव्या नवरीच्या गळ्यात मफलर बांधावा तशी. काढली, खिशात घातली, रीळ संपवलं आणि स्वतःवर खूश होऊन बेकरीत निघून गेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा असा.

गुरुवारी जेवताना ड्वेन काय म्हणाला होता? शनिवारी पिकअपचा गिअरबॉक्स उतरवतो. जॅकखेरीज गाडीला आधार द्यायच्या त्याच्या चारही घोड्या बोटीखाली होत्या, मे महिना, बोटीला रंग चाललेला. व्हर्ना त्याला म्हणाली होतीसुद्धा, माझ्या घेऊन जा. "दोन मिनिटांचं काम, व्हर्ना. त्याला घोड्या कसल्या?" ड्वेनचं प्रत्येक काम दोन मिनिटांचं असायचं.

ती स्वयंपाकघरात धावली. कमरेचं हाड गेल्या वर्षीच बदललेलं, धावणं कसलं, फरफटणंच ते. फोन वाजत राहिला. ड्वेनचा फोन घरात आणि ड्वेन गराजमध्ये, रेडिओवर बेसबॉलची मॅच लावून. पोलिसांना कळवावं? लाकडी पिना म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत ती पोचली असती. तिने क्रिंगलचा खोका ओट्यावर टाकला आणि किल्ल्या उचलल्या.

नदीवरच्या पुलाशी आली आणि घंटा वाजायला लागली.

आडवा दांडा तिच्या गाडीच्या नाकासमोर खाली आला. पूल मधोमध दुभंगला आणि दोन्ही पाती उभी राहायला लागली. खालून एक शिडाची बोट सरोवराकडे निघाली होती. तिला काही घाई नव्हती. बोटीवरच्या टोपीवाल्या गृहस्थाने बिअरचा डबा उंचावून व्हर्नाला सलाम केला. व्हर्ना चर्चमध्ये दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी बाई. तिने खिडकीतून डोकं काढून त्या गृहस्थाला जे काही ऐकवलं, ते ऐकून मागच्या गाडीतल्या माणसाने आपली काच वर केली.

लाकूड लगेच मोडत नाही. हेच तिला माहीत होतं आणि हेच तिला खात होतं. चिनी मातीच्या भांड्यासारखं फटकन फुटलं असतं, तर गाडी उचलतानाच फुटलं असतं, ड्वेन बाहेर उभा असताना. ओक तसं नाही. ते वजन घेतं, इमानदारीने घेतं, आणि मग आतल्या आत चिरत जातं. माणूस खाली शिरेपर्यंत ते टिकणार. पाना लावून त्याने जोर द्यायला सुरुवात केली, गाडी हलायला लागली, की मग.

तिने गाडी मागे घेतली, मागच्याच्या भोंग्याकडे लक्ष दिलं नाही, आणि वरच्या अंगाच्या न उघडणाऱ्या पुलाकडे वळवली. लाल दिवा तोडला. आयुष्यात पहिल्यांदा. "देवा, त्याला भूक लागू दे," ती मोठ्याने म्हणत होती, "त्याला आत सँडविच खायला जाऊ दे, नाहीतर तो मेला रेडिओ बंद पडू दे." दुसरं काही मागायचं तिला सुचतच नव्हतं.

ड्वेनच्या दारात ती उतरली तेव्हा रेडिओ जोरात चालू होता.

पिकअपचं नाक वर होतं. डावं पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. खाली हिरवा जॅक, आणि गाडीखालून बाहेर आलेले ड्वेनचे बूट. बूट हलत होते. तो पाना मारत होता. प्रत्येक हिसक्याला गाडी जराशी डोलत होती, आणि त्या डोलण्यात, रेडिओच्या गोंगाटातही, व्हर्नाला ते ऐकू आलं. कर्रर्र. जुन्या जिन्याच्या पायरीसारखं. वाटी एका अंगाला बोटभर कलली होती. चंदेरी रंगाला तडा गेला होता आणि आतून पांढरं लाकूड दिसत होतं.

ओरडावंसं वाटलं. तिने तोंडावर हात दाबला. ओरडली तर हा दचकणार, आणि दचकलेला माणूस आधी डोक्यावर जे असेल ते धरतो. ड्वेनच्या डोक्यावर गाडी होती.

गराजमध्ये दुसरा जॅक? फळीवर तीन होते, तिन्ही सुटे करून डब्यांत भरलेले. जॅक जमवणाऱ्याच्या घरी चालता जॅक मिळेल तर शपथ. मग तिला भिंतीजवळचं चाक दिसलं.

तिने ते आडवं पाडलं. चाक जड, कंबर ओरडत होती, पण तिने गुडघ्यांवर बसून ते जमिनीवरून सरकवत नेलं, चासीच्या खाली, ड्वेनच्या खांद्याच्या शेजारी. त्याचे डोळे बोल्टवर आणि कान मॅचकडे, त्याला पत्ताही लागला नाही. चासी आणि चाक यांच्यात दीड वीत जागा उरली. गाडी पडली तर चाकापर्यंत पडणार. आडव्या चाकाची जाडी आणि माणसाच्या छातीची जाडी जवळजवळ सारखीच. जवळजवळ! मग तिने हात लांबवून रेडिओ बंद केला.

"ए! मॅच चालू आहे!" खालून आवाज आला.

"ड्वेन, मी आहे."

"व्हर्ना? जॅकसाठी आलीस का मागे मागे? अगं, काही झालं नाहीये तुझ्या बाहुलीला. पुसून देईन परत, पावडर लावून देईन."

"ड्वेन, पाना खाली ठेव."

"एकच बोल्ट राहिलाय. जाम बसलाय मेला. एक हिसका दिला की..."

"पाना खाली ठेव!" आवाज चढला तशी ती स्वतःच घाबरली. हळू आवाजात म्हणाली, "हिसका देऊ नकोस. कशाला हात लावू नकोस. वाटीच्या पिना लाकडाच्या आहेत."

 मग पाना सिमेंटवर टेकल्याचा आवाज आला, अगदी बारीक, बशीत चमचा ठेवावा तसा.

"कसल्या?"

"ओकच्या. पडद्याच्या दांडीच्या. मी रंगवल्या होत्या."

"बरं," ड्वेन म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "मी येतो बाहेर."

चाकांच्या फळीवर पाठ टेकून खाली गेलेला माणूस बाहेर येताना काय करतो? हात वर करतो, बंपर धरतो आणि स्वतःला ओढून घेतो. चाळीस वर्षांची सवय. व्हर्नाला त्याची बोटं वर येताना दिसली.

"गाडीला धरू नकोस! हात छातीवर घे. मेलेल्यासारखा पड. मी ओढते तुला."

"तुझी कंबर..."

"कंबर गेली खड्ड्यात. हात छातीवर!"

तिने दोन्ही बूट धरले. फळीचं एक चाक ड्वेनच्याच आळसामुळे गंजलं होतं, ते अडलं. तिने पुन्हा ओढलं. कर्रर्र झालं, या वेळी लांबलचक. गुडघे बाहेर आले. कंबर आली. पोट आलं, ते बंपरला घासलं आणि दोघांनी एकदम श्वास धरला. "पोट आत घे रे," ती कुजबुजली. "आतच आहे," तो कुजबुजला. छाती आली. हनुवटी आली. व्हर्नाने अंगातलं सगळं बळ लावून मागे झोकून दिलं आणि ती पाठीवर पडली, ड्वेनचे बूट तिच्या पोटावर.

मग लाकूड मोडलं. आवाज फार मोठा नव्हता. वाटी उडून कपाटावर आदळली, आणि पिकअप खाली आला तो चाकावर, धप्प. टायर दबला. चासीचा कोपरा येऊन थांबला तो नेमका तिथे, जिथे क्षणापूर्वी ड्वेनचं डोकं होतं.

दोघं जमिनीवर बसून राहिले.  ड्वेनचे हात अजून छातीवरच होते, ठेवायला सांगितले होते तसे.  हा आता शिव्या देईल, व्हर्नाला वाटलं. द्याव्यातच. तिला त्या हव्या होत्या.

"चिंधी काढली मी," ती म्हणाली. "फोटोसाठी काढली. पुन्हा बांधायची विसरले. बोल रे काहीतरी. मला बोल."

ड्वेनने तोंड पुसलं आणि तेल गालभर पसरवलं. "चांगला आला का फोटो?"

"ड्वेन!"

"नाही, विचारतो आपलं." हसायला गेला, जमलं नाही. तो वाकून हिरव्या जॅककडे बघत राहिला, मोडक्या पांढऱ्या लाकडाकडे. "दुसऱ्याचा जॅक आणला की मी खाली जायच्या आधी पिना ठोकून बघतो, हातोडीने. क्लबात कुणाचाही असो. ऑर्विलचा, डेलचा. माझा स्वतःचासुद्धा ठोकतो, माझ्यावर माझाच भरवसा नाही."

व्हर्नाने खिशातली लाल चिंधी बाहेर काढली.

"आज हातोडी घेतली होती हातात," तो म्हणाला. "मग म्हटलं, छे, व्हर्नाचा आहे."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, ठपका नव्हता, साधं सांगितलं त्याने. ठपका असता तर तिला तो सोसला असता. तिने तोंड फिरवलं आणि ती उठायचा प्रयत्न करू लागली, पण कमरेने साथ दिली नाही. ड्वेनने हात पुढे केला. तो हात धरायलाही तिला थोडा वेळ लागला.