आईचा उजवा पाय

भिंगरीची आई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि समोर काही आडवं यायच्या आतच तिचा उजवा पाय तो दाबून मोकळा व्हायचा. गाडीला आजवर साधा ओरखडा नव्हता. शिकणाऱ्यांच्या काळजाला किती पडले, ते वेगळं.

पालकसभेत बाई म्हणाल्या, "मुलांच्या अभ्यासात आईवडिलांनीही जरा लक्ष घाला." आईने ते भलतंच मनावर घेतलं. संध्याकाळची शिकवणी सकाळवर ढकलली आणि जेवणाच्या टेबलाशी लेकीशेजारी ठाण मांडलं.

भिंगरीच्या गणिताचा तोवर सगळा आनंदच होता. पण आई शेजारी बसू लागली आणि उत्तरं धडाधड बरोबर यायला लागली.

"बघा," आई शिलाई मशीनवर बसलेल्या बाबांना ऐकवायची, "नुसतं शेजारी बसायचा अवकाश होता. एक शब्द बोलत नाही मी!"

बाबा तोंडात टाचण्या धरून 'हं' म्हणायचे.

मग चाचणी झाली आणि भिंगरीला भोपळा मिळाला.

आई तरातरा शाळेत गेली. "बाई, पेपरांची अदलाबदल झाली असणार. घरी हिचं एक उत्तर चुकत नाही."

बाईंनी भिंगरीपुढे कोरा कागद ठेवला. "बेचाळीस भागिले सहा. सोडव बघू."

आई शेजारच्या बाकावर बसली. भिंगरीने पेन्सिल टेकवली. "आठ..."

धप्प! आईचा पाय फरशीवर आपटला.

"नाही, नऊ..."

धप्प!

"सात?"

सगळं शांत. भिंगरीने ऐटीत सात लिहिलं.

बाईंनी बाकाखाली वाकून पाहिलं. "ताई, गणितं तुमचा पाय सोडवतोय."

"माझा पाय?" आई स्वतःच्या पायाकडे परक्यासारखी बघत राहिली. मग लेकीकडे वळली. "कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून," भिंगरी म्हणाली. "मला वाटलं, तू अशीच शिकवतेस."

बाईंनी कसंबसं हसू दाबलं. "चुकू द्या हो तिला. कागदावर कोणी गाडीखाली येत नाही."

त्या संध्याकाळी आई खुर्चीवर मांडी घालून बसली. भिंगरी बेरजेत हातचा विसरली. आईचा गुडघा थरथरला, ओठ दाताखाली गेला. बाबांनी गुपचूप तिच्या हातात एक सदरा दिला. "कॉलर उसव. हात गुंतलेले बरे."

"आई, चुकलं का गं?"

"मला नको विचारूस," आई घुसमटून म्हणाली.

भिंगरी बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग एकदम ओरडली, "अगं, हातचा राहिला की!"

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाबांच्याही आलं, कारण कॉलर जागेवरच होती आणि गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची एक बाही सुटून आईच्या मांडीवर पडली होती.

पुढच्या चाचणीत निम्मी गणितं बरोबर आली. उरलेली का चुकली, हे भिंगरीने जेवताना दोघांना सविस्तर समजावून सांगितलं, आणि तेही चुकीचं सांगितलं. आईने मोठा घास तोंडात कोंबला आणि मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.