भावाच्या मापाचा सदरा

बहिणीनं सदरा भावाच्या अंगावर पसरून पाहिला. खांद्याची शिवण पार दंडावर उतरली होती.

शवागाराची खोली पांढऱ्या फरशीची, थंडगार. टेबलावर भाऊ निजल्यासारखा पडला होता, छातीपर्यंत चादर. या परक्या देशात कामाला येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. पुढच्या महिन्यात सुटीवर यायचा होता, त्या सुटीसाठीच तिनं हा सदरा शिवून ठेवला होता. मग चार दिवसांपूर्वी फोन आला की झोपेतच गेला. ती न्यायला निघाली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "परक्याच्या कपड्यात आणू नकोस गं त्याला. तुझ्या हातचा घाल. पेटी उघडली की मला माझं लेकरू दिसलं पाहिजे."

तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई ती. तिच्या मापात चूक म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवायचा.

"बेचाळीस सांगितलं होतंस ना रे," ती त्यालाच म्हणाली.

दाराशी उभा असलेला माणूस खाकरला. भावाच्या खोलीत राहणारा, तिच्याच भाषेतला. अंगानं असा भरलेला की सगळे त्याला पैलवानच म्हणत.

"ताई, ते बेचाळीस माझं आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही फोनवर माप मागितलंत, तेव्हा त्यानं टेप माझ्या छातीला लावली. म्हणाला, पैलवान, सरळ उभा राहा. मी वाळलोय हे ताईला कळलं, तर हातातली शिवण टाकून इथं येऊन बसेल ती. मी म्हटलं, अरे लेका, अंगात घालशील तेव्हा काय करशील? तर म्हणतो, महिना आहे अजून, खाऊन भरून काढतो."

बेचाळीस ऐकून फोनवर ती किती हसली होती! "पाणी मानवलं म्हणायचं बाबा तुला! पोटाचं माप वेगळं कळव, कापड जास्तीचं घेते." तोही हसला होता. त्या हसण्यात धाप होती, ती तिला आत्ता ऐकू आली. लहानपणीसुद्धा माप देताना तो छाती फुगवायचा, आणि ती टेपच्या टोकानं टपली मारायची. "फुगवू नकोस. मापात खोट येते."

शवागारातला माणूस हलक्या आवाजात काही बोलला. पैलवानानं सांगितलं, "तो म्हणतो, काळजी करू नका. सदरा पाठीकडून उभा कापायचा आणि दोन्ही बाजू अंगाखाली खोचायच्या. वरून बरोबर दिसतं. नेहमी तसंच करतात."

"पाठ कापायची?" तिनं सदरा छातीशी धरला. "पुढून शिवलेला आणि मागून फाडलेला? नको. आईपाशी असा नाही नेणार मी त्याला."

"दोनला पेटी घेऊन विमानतळाची गाडी येते, ताई. त्याआधी त्याला तयार ठेवावं लागतं. आता साडेअकरा झालेत."

"मग मला मशीन दाखवा कुठं असेल ते. तासभर पुरे."

तिनं पिशवीतून टेप काढली. शवागारातल्या माणसानं न सांगता भावाला खांद्यापाशी अलगद उचलून धरलं. छाती चौतीस. तिनं ते माप लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

दोन गल्ल्या सोडून कपडे दुरुस्त करून देणारं एक दुकान होतं. आत पिकल्या केसांची बाई, चष्मा दोरीला बांधलेला, मशीनवर कुणाचा तरी काळा कोट अर्धवट. पैलवान मोडक्यातोडक्या भाषेत सांगू लागला. दुकानवाली अर्धंच ऐकत होती. तिनं सदरा हातात घेतला, उलटा केला, आतल्या टिपेवरून अंगठा फिरवला. शिवणारी बाईच तशी बघते. मग तिनं कोट मशीनवरून ओढून बाजूला टाकला, दाराची पाटी उलटी फिरवली आणि दुसरी खुर्ची आणली.

दोघी बसल्या. एकीनं डावी बाही उसवली, एकीनं उजवी. बहिणीनं खडूनं नव्या रेघा मारल्या, बाह्यांचे मुंढे कापले, कच्चा दोरा घातला. मशीन मात्र विजेचं होतं. तिचा पाय जन्मभर पायमशीनचा. जरा दाबला की सुई धावत सुटे. टीप वाकडी गेली. उसवली. पुन्हा गेली.

"पाय ऐकेना माझा," ती म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

दुकानवाली उठली. खुर्ची सरकवून जवळ बसली, स्वतःचा पाय पेडलवर ठेवला आणि हातानं खूण केली, तू कापड धर.

मग एकीचे हात, दुसरीचा पाय. बोट थबकलं की पाय थबके. बोट पुढं सरकलं की सुई हळूच चाले. बहिणीच्या ओठांवर आपसूक ओवी आली:

बंधूच्या सदऱ्याला, टाके घालिते जवळ
वाटेच्या वाऱ्या बाबा, अंग त्याचं रे कोवळं

दुकानवालीला त्यातलं अक्षर कळलं नसेल. पण ओवी सरेपर्यंत तिनं सुई एका लयीत चालू ठेवली.

इस्त्री झाली तेव्हा एक वाजून गेला होता. बहिणीनं हात जोडले. बाईनं मान हलवली, खुंटीवरचा स्वतःचा कोट घेतला आणि पैलवानाला काही सांगितलं.

"ती पण येते म्हणाली. गारठ्यानं अंग ताठलेलं असतं, बाह्या चढवायला दोघी लागतात. तिनं स्वतःच्या आईला असेच घातलेत कपडे."

तिघं परतले तोवर शवागारातल्या माणसानं भावाची दाढी केली होती, भांग पाडला होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

बाह्या सावकाश चढल्या. दुकानवालीनं मनगट धरलं, बहिणीनं कोपर. पैलवानानं पाठीला हात दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. खांद्याची शिवण खांद्यावर आली. कॉलर मानेला लागली. दुकानवालीनं पाठीखालची चुणी ओढून सरळ केली, जिथं कुणालाच दिसणार नव्हतं तिथंही. मग खालून वर बटणं लावत आली आणि गळ्याचं शेवटचं बटण तसंच ठेवून मागे झाली.

ते बहिणीनं लावलं. थोडा वेळ हात तिथंच राहिला.

बाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला. गाडीवरचा माणूस पेटी ढकलत आत आला, पण पुढं झाला नाही. घड्याळाकडेही त्यानं पाहिलं नाही.

"घ्या आता," ती म्हणाली. "आईकडे न्यायचंय."