वॉकर कोणाचा?

मित्रांनो, मी चार चाकांचा एक जुना वॉकर आहे. चालताना ज्यांचा तोल जातो त्यांनी मला धरून चालायचे आणि दमले की माझ्याच सीटवर बसायचे, एवढेच माझे काम. माझा रंग एके काळी गडद लाल होता. आता हँडलजवळचा रंग उडाला आहे आणि पुढचे डावे चाक जरा कुरकुरते. मी बऱ्याच क्रूझ केल्या आहेत. जहाजावरच्या गमती तुम्हाला कोणीही सांगेल. मी मात्र जी गोष्ट सांगणार आहे, ती आठवली की आजही मला मान खाली घालावीशी वाटते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी सुटा सुटा होऊन एका चपट्या खोक्यात पडलो होतो. मला जोडून उभे केले ते कॅनडातल्या ग्वेल्फ गावातल्या एका दुकानात. तिथे काठ्या होत्या, व्हीलचेअर होत्या, बाथरूममध्ये लावायच्या दांड्या होत्या. त्या दुकानात हौसेने कोणीच येत नसे. लोक यायचे, आमच्याकडे न बघता किंमत विचारायचे आणि हे दुसऱ्या कोणासाठी तरी हवे आहे असे सांगायचे. आपण लोकांना नकोशी वस्तू आहोत, हे मला तिथेच कळले.

मला ऊर्मीने घेतले, तिच्या बाबांसाठी. तिचे बाबा म्हणजे दीनानाथ आजोबा. तरुणपणी ते पुण्याहून कॅनडात आले आणि इथल्या विद्यापीठात त्यांनी दुग्धशास्त्र शिकवले. आता त्यांच्या कमरेच्या मणक्यात नस दाबली गेली होती, त्यामुळे चालता चालता पाय दगा देत. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने शोव्हल करताना ते दोनदा पडले होते. ऊर्मीने मला दिवाणखान्यात आणून उभे केले. आजोबांनी एकदाच माझ्याकडे पाहिले आणि "बेसमेंटमध्ये ठेव" म्हणाले.

तो सबंध हिवाळा मी बेसमेंटमध्ये काढला. एका बाजूला गाडीचे उन्हाळी टायर होते, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखराचा थर्मोकोल. माझी चाके अजून जमिनीवर नीट फिरलीही नव्हती. वरून आजोबांची पावले ऐकू यायची. भिंतीला धरून, खुर्चीला धरून ते चालत आहेत, हे मला आवाजावरून समजायचे.

आजोबांना मी इतका नकोसा का होतो, तेही सांगतो. निवृत्त झाल्यापासून ते आणि चित्रा आजी दरवर्षी क्रूझला जात. ओळखीचे सगळे त्यांना 'कॅप्टन' म्हणत. मार्कहॅमहून, सस्काटूनहून लोकांचे फोन यायचे. आजोबा सर्वांना सांगायचे की जहाज ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोहोचा, विमानाचा भरवसा नसतो. औषधे आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा, कारण मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, मधली खोली घ्या. नाश्त्याआधी डेकवर फेऱ्या मारायचा त्यांचा नेम होता. आणि वॉकरवाले लोक लिफ्ट अडवतात, अशी त्यांची एक तक्रारही होती. ती त्यांनी चारचौघांत कितीदा तरी बोलून दाखवली होती.

वसंतात अलास्काच्या क्रूझचे ठरले. ऊर्मीने निक्षून सांगितले, "बाबा, वॉकर नाही तर क्रूझ नाही. दॅट्स फायनल."

अशा रीतीने माझा पहिला प्रवास सुरू झाला. व्हँकुव्हरच्या बंदरावर भली मोठी रांग होती. आजोबा मला धरून उभे होते, पण त्यांची नजर सारखी इकडेतिकडे जात होती. थोड्या वेळाने त्यांनी माझी हँडले सोडली, दोन पावले बाजूला सरकले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मी घरंगळू नये म्हणून चित्रा आजींनी मला धरले. तेवढ्यात तिथली एक कर्मचारी आली आणि तिने आजोबांना विचारले की आजींना उभे राहायला त्रास होत असेल तर पुढच्या रांगेत सोडू का.

आजोबांनी रांगेतल्या लोकांकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "येस प्लीज. माय वाइफ."

आजींनी त्यांच्याकडे पाहिले. त्या मला ढकलत पुढच्या रांगेत गेल्या, आणि आजोबा माझ्या एका हँडलवर हात ठेवून त्यांच्या शेजारून चालू लागले. बघणाऱ्याला वाटावे की ते आजींना आधार देत आहेत. प्रत्यक्षात त्यांचा सगळा भार माझ्यावर होता.

मित्रांनो, त्या एका वाक्यातून पुढचे सगळे घडले. एकदा बोललेले परत घेणे त्यांना जमेना. जहाजावर रोज हेच चालले. माझी हँडले आजोबांच्या उंचीला बसवलेली होती. आजी त्यांच्या खांद्याएवढ्या. मला ढकलताना त्यांना कोपरे वर उचलून धरावी लागत. दुसऱ्याच दिवशी त्यांचे खांदे दुखू लागले. खोलीत आल्या की त्या स्वतःच बाम चोळत. आजोबा खिडकीतून पाण्याकडे बघत बसत. मला फार लाज वाटे. मी ज्याच्यासाठी होतो त्याला मी नको होतो, आणि जिला माझी गरज नव्हती तिला माझ्यामुळे दुखत होते.

जेवणाच्या टेबलावर मार्कहॅमचे राजन आणि नीलिमा हे जोडपे सोबत असे. दोघेही आजी-आजोबांपेक्षा बरेच लहान, म्हणून त्यांना काका-काकू म्हणत. नीलिमाताई अगदी मोकळ्या स्वभावाच्या. आजोबा आजींबरोबर हळूहळू चालत येताना दिसले की त्या नवऱ्याला म्हणायच्या, बघ राजन, काकांकडून काहीतरी शीक. शेजारच्या टेबलावरच्या एका गोऱ्या बाईंनीही येऊन आजोबांचा हात हातात घेतला आणि असा नवरा मिळायला भाग्य लागते, असे त्या म्हणाल्या. आजोबांचे कान लाल झाले. त्यांनी सूपमध्ये तोंड खुपसले. पण 'नाही' म्हणाले नाहीत.

चौथ्या दिवशी जहाज प्रिन्स रुपर्टला लागले. तिथून लहान बोटीने देवमासे बघायला नेतात. इतक्या वर्षांत प्रत्येक बंदरावर कुठे जायचे ते आजोबाच ठरवत आले होते, आणि ते ठरवायचे संग्रहालये आणि जुने किल्ले. या वेळी आजींनी पहिल्यांदा काही मागितले होते. त्यांना देवमासा जवळून बघायचा होता. निघण्याच्या कितीतरी आधी त्यांनी दोघांच्या जागा ठेवल्या होत्या. त्या सकाळी आजींनी कानटोपी घातली, दुर्बीण गळ्यात अडकवली. राजन आणि नीलिमाताईही बरोबर होते.

ओहोटीची वेळ होती. पाणी खाली गेल्यामुळे बोटीकडे उतरणारी फळी घसरगुंडीसारखी तिरकी झाली होती. नारिंगी जॅकेट घातलेली गाइड मुलगी वर उभी होती. माझ्यामागे आजींना पाहून तिने नम्रपणे सांगितले की बोटीत वॉकर नेता येत नाही, आणि आधाराशिवाय ज्यांना पायरी उतरता येत नाही त्यांनाही नेता येत नाही. आजी तिला म्हणाल्या की मी उतरू शकते. मुलीची खात्री पटली नाही. वॉकर ढकलत आलेली बाई असे म्हणते म्हटल्यावर कशी पटणार? तिने आजोबांकडे वळून विचारले की आजींना खरेच एकटीला उतरता येईल का.

मागे नीलिमाताई उभ्या होत्या, राजन उभे होते, जहाजावरचे आणखी दहा-बारा लोक होते. आजोबांची बोटे माझ्या हँडलवर घट्ट झाली. ती घामाने ओली झाली होती, हे फक्त मला ठाऊक होते.

ते म्हणाले, "नो. शी कान्ट मॅनेज."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथे बोललो असतो. मला फक्त चाके आहेत, आणि तीही दुसऱ्याने ढकलल्याशिवाय फिरत नाहीत.

नीलिमाताईंना फार वाईट वाटले. त्यांनी आजोबांना सांगितले की काका, तुम्ही चला, काकू इथे आरामात बसतील. आजोबा म्हणाले की मी तिला सोडून जाणार नाही. त्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटले. खरी गोष्ट अशी की ती फळी आजोबांना उतरता येणार नव्हती. बोट दोन जागा रिकाम्या ठेवून गेली.

आजी धक्क्यावरच्या बाकावर बसल्या. आजोबा माझ्या सीटवर बसले. बोट खाडीच्या वळणाआड जाईपर्यंत आजी बघत होत्या. मग गळ्यातली दुर्बीण काढून त्यांनी ती पिशवीत ठेवली. माणूस वस्तू जपून ठेवतो तशी, फडक्यात गुंडाळून.

"मला देवमासे बघायचे होते, दीनानाथ," त्या म्हणाल्या.

त्यांनी आजोबांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. त्या नेहमी 'अहो' म्हणत. त्यानंतर बोट परत येईपर्यंत दोघे तसेच बसून होते.

त्या संध्याकाळी जेवताना नीलिमाताईंनी फोनवर देवमाशाचा व्हिडिओ दाखवला. शेपूट वर येते, पाणी निथळते आणि ते धूड सावकाश आत जाते. आजींनी तो दोनदा पाहिला, छान आहे म्हणाल्या. नीलिमाताई मग पुन्हा आजोबांच्या त्यागाविषयी बोलू लागल्या. आजोबांनी चमचा खाली ठेवला.

"नीलिमा, वॉकर माझा आहे," ते म्हणाले. "चित्राला काही झालेलं नाही. ती धावत उतरली असती त्या बोटीत. मला सांगायची लाज वाटली, म्हणून मी तिला अडवलं."

राजननी उगाचच सर्वांच्या ग्लासांत पाणी ओतले. आपण इतके दिवस कशाचे कौतुक करत होतो, या विचाराने नीलिमाताईच ओशाळल्या. त्यांनी आजींकडे पाहिले. 'जाऊ दे' असे काही आजी म्हणतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. आजी तसे म्हणाल्या नाहीत. त्या शांतपणे भात जेवत राहिल्या.

आजोबा उठले. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले आणि त्या भल्या मोठ्या दालनातून आम्ही दोघेच निघालो. गालिचा जाड होता, माझी चाके रुतत होती. त्या गोऱ्या बाई वळून बघत होत्या. आजोबांची मान खाली होती. माझे चाक कुरकुरले, तेव्हा त्या आवाजाचीही मला शरम वाटली. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी माझे खरे काम करत होतो.

पुढच्या बंदरावर आजी नीलिमाताईंबरोबर दुसऱ्या एका बोटीने गेल्या. आजोबा आणि मी डेकवरून हात हलवत राहिलो. धुके इतके होते की देवमासा दिसलाच नाही, खडकावरचे सील तेवढे दिसले. आजी भिजून परत आल्या आणि आजोबांना सीलचे आवाज करून दाखवू लागल्या. मध्येच थांबल्या. राग गेला नव्हता. जहाजावर आजोबांनी दोनदा माफी मागितली होती आणि दोन्ही वेळा आजींनी 'ऐकलं' एवढेच म्हटले होते. त्यांचे नेहमीचे 'अहो' घरी परतल्यावर, उन्हाळा सरत आला तेव्हा, हळूच परत आले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ फिरलो. काही गोष्टी आम्ही अनुभवातून शिकलो. खोली ठरवतानाच वॉकर आहे असे सांगावे, म्हणजे रुंद दाराची आणि वॉशरूमला उंबरठा नसलेली खोली मिळते. शो संपला की लिफ्टजवळ झुंबड उडते, म्हणून थोडे बसून मग निघावे. जहाज डुलत असताना माझे ब्रेक लावल्याशिवाय माझ्यावर बसू नये. आणि एकाला जे जमणार नाही ते दुसऱ्याने खुशाल एकट्याने जाऊन बघावे. आजी आता बंदरावर एकट्या उतरतात. आजोबा डेकवर माझ्या सीटवर बसून वाट बघतात.

गेल्या मार्चमध्ये मराठी मंडळींच्या मेळाव्यात कॅप्टनना क्रूझविषयी बोलायला बोलावले. त्यांनी आदल्या दिवशी पोहोचण्याचे, औषधांच्या बॅगेचे, सगळे सांगितले. मग माझ्या हँडलवर हात ठेवून त्यांनी धक्क्यावरची ती सकाळही सांगितली. आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आजोबांनी काही गाळले नाही.

भाषण संपल्यावर ताराबाई नावाच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई जवळ आल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमचे हे खाली गाडीत बसलेत. मला इथे सोडतात, पण आत येत नाहीत. काठी घेऊन लोकांसमोर कसं यायचं, म्हणतात."

आजोबांनी कोट चढवला. आम्ही लिफ्टने खाली गेलो, वितळत्या बर्फाच्या चिखलातून पार्किंग लॉट ओलांडला. गाडीत एक गृहस्थ काच बंद करून बसले होते. आजोबांनी माझे ब्रेक लावले आणि गाडीच्या दाराशेजारी, थंडीत, माझ्या सीटवर बसले. काच जराशी खाली आली. दोघे आधी हवेविषयी बोलले, मग गुडघ्यांविषयी. बराच वेळ गेला. शेवटी गाडीचे दार उघडले. त्या गृहस्थांनी मागच्या सीटवरून काठी काढली, आणि आम्ही तिघे चहासाठी वर आलो.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी तरी बेसमेंटमध्ये पडून असेल. आमच्या चाकांना अधूनमधून तेल द्या, ब्रेक तपासा. आणि ज्यांच्यासाठी आम्हाला आणले आहे, त्यांना आमच्याबरोबर चारचौघांत चालू द्या. ते हळू चालतील. तेवढे थांबा त्यांच्यासाठी.